सूचना क्रमांक एकतीस

रायपूरच्या तात्यापाऱ्यात श्यामकांत पोहनकरांना ओळखत नाही असा माणूस मिळायचा नाही, आणि त्यांच्या सूचनेतून सुटलेला तर मुळीच मिळायचा नाही. दूधवाल्याला त्यांनी लेखी कळवलं होतं की माप डाव्या हातात धरल्यानं दूध सांडतं. गणपतीच्या मंडळाला कळवलं होतं की आरतीची पुस्तकं वाटताना नोंद ठेवावी, दरवर्षी चार कमी होतात. कूलरवाला, सलूनवाला, कोपऱ्यावरचा समोसेवाला, सगळ्यांना पत्रं गेली होती. वर विषय, मध्ये मुद्दे, आणि खाली झोकदार सही: श्यामकांत पोहनकर (सेवानिवृत्त). लोक हसायचे. हसू देत. एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये ज्यानं छत्तीस वर्षं काढली, त्याला सगळं जग म्हणजे नीट न लावलेलं कपाटच दिसणार.

रेकॉर्ड रूमचं काम लोकांना वाटतं तसं कागद ठेवायचं नसतं. ते कागद काढायचं असतं. नस्त्या, म्हणजे फायली, येतच राहतात, कपाटं तेवढीच असतात. म्हणून दर वर्षी छटाई. मुदत संपलेल्या नस्त्यांची यादी करायची, पंधरा दिवस फळ्यावर लावायची, कोणाची हरकत आली तर पाहायची, नाहीतर मागच्या अंगणात खड्ड्यात टाकून दोन साक्षीदारांसमोर पेटवायची. श्यामकांतांची छटाई साऱ्या जिल्ह्यात नावाजलेली होती. त्यांच्या खोलीत उंदीर नव्हते, वाळवी नव्हती, आणि मागितलेला कागद पाच मिनिटांत टेबलावर यायचा. जळून गेला नसेल तर.

आता असा माणूस बाप म्हणून कसा असेल, ते काही वेगळं सांगायला नको. मुलगा एकच, पराग. पुण्याला कंपनीत होता. महिन्यातून चारदा फोन व्हायचा. "जेवला का?" "हो बाबा." "तब्येत?" "ठीक." "बरं, आईले देतो." संपलं. पुढचा पाऊण तास प्रेमलाबाई बोलायच्या आणि श्यामकांत शेजारी बसून वर्तमानपत्राच्या आडून सगळं ऐकायचे. मधेच एखादी सूचनाही करायचे, म्हणजे प्रेमलाबाईंना.

बापलेकाचं जमलं ते लॉकडाऊनमध्ये. पराग आठ महिने घरून काम करत होता. एका दुपारी श्यामकांत त्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. कॉम्प्युटरवर एक किल्ला होता, धूर निघत होता, आणि दारात भाला घेतलेला एक धिप्पाड माणूस उभा होता.

"हे काय करून राहिला?"

"गेम है बाबा. धूम्रगढ."

"हा दारात उभा आहे तो कोण?"

"दरबान है."

"मग याच्याजवळ नोंदवही कुठं आहे? कोण आलं, कोण गेलं, याले काय समजन?"

परागनं मान वळवून बापाकडे पाहिलं आणि हसत सुटला. इतका हसला की प्रेमलाबाई हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या. श्यामकांतांना आधी राग आला, मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काही बोललो आणि हा हसला, असं याच्या दहावीनंतर झालेलंच नाही. ते स्टूल ओढून बसले.

महिन्याभरात त्यांच्या टॅबवर धूम्रगढ आलं. बंगळुरूच्या एका लहान कंपनीचा खेळ. सात गड, जंगल, जंगलात राक्षस, वर उडणारे अजगर, आणि मधोमध एक सराय. खेळणारा खेळ बंद करून निघाला की त्याचा माणूस त्या सरायमधल्या शेकोटीपाशी येऊन बसायचा, मान खाली घालून झोपायचा, आणि मालक परत आला की उठायचा. तिथं पोरांची नावं कसली कसली, कालभैरव नव्व्याण्णव, शैतान किंग. त्यात एक पांढऱ्या मिशांचा, काठी घेतलेला म्हातारा फिरू लागला, डोक्यावर नाव: श्यामकांत पोहनकर (सेवानिवृत्त). पोरं त्याला बडे बाबू म्हणायची आणि राक्षस आला की पुढं होऊन त्याला मागं ढकलायची. परागचा माणूस तिरंदाज होता. निळा अंगरखा, खांद्यापर्यंत केस, नाव पराग_रायपूरवाला.

पराग पुण्याला परत गेला आणि रोज संध्याकाळी सात ते आठ बापलेक धूम्रगढात भेटू लागले. चालता चालता लिहून बोलायचे. फोनवर जे कधी जमलं नाही ते तिथं जमलं. पराग एकदा त्या जंगलातून चालतानाच म्हणाला होता की बाबा, मला लहानपणी तुमची भीती वाटायची. श्यामकांतांनी लिहिलं, "मलापण माझ्या वडिलांची वाटे. समोर खड्डा आहे, बघून चाल."

आणि सूचना सुरू झाल्या. न होतील कशा. खेळाच्या कंपनीनं एक पान ठेवलं होतं, खेळणाऱ्यांनी सुधारणा सुचवाव्या, बाकीच्यांनी मतं द्यावी. ते पान इंग्रजीत. श्यामकांत मराठीत मसुदा लिहून पाठवायचे, पराग तो इंग्रजीत करून आपल्या नावानं टाकायचा. "ड्राफ्ट तुमचा, सही माझी," तो म्हणायचा. सूचना क्रमांक चार: औषधाच्या बाटलीवर तयार केल्याची तारीख असावी. क्रमांक सात: मारलेला राक्षस दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी उभा असतो, हे योग्य नाही, निदान त्याचा भाऊ असल्याचं सांगावं. या सातव्याला नऊशे मतं पडली. क्रमांक बारा: माणूस न सांगता उठून जातो, हे घरंदाज वाटत नाही, जाताना एक ओळ लिहून जायची सोय असावी आणि तो येईपर्यंत ती त्याच्या डोक्यावर दिसावी. ही बारावी कंपनीनं खरंच लागू केली. त्या दिवशी श्यामकांतांनी सदर बाजारातून पेढे आणले. प्रेमलाबाईंनी विचारलं, कशाचे? ते म्हणाले, मंजूर झाली.

एकतिसावी सूचना मात्र त्यांच्या खास हातखंड्याची होती. झालं असं की सराय भरून गेली. वर्ष वर्ष न आलेली माणसं शेकोटीभोवती झोपलेली, पाय ठेवायला जागा नाही, आणि तिथं पोचलं की श्यामकांतांचा जुना टॅब ठप्प व्हायचा. आपल्याला रोग ठाऊक आहे, औषधही ठाऊक आहे, असा प्रसंग निवृत्त माणसाच्या नशिबी फार येत नाही. त्यांनी एका बैठकीत मसुदा लिहिला. तीन वर्षे उपस्थित नसलेल्यांची यादी करावी. पंधरा दिवसांची नोटीस त्यांना व त्यांच्या सहप्रवाशांना द्यावी. मुदतीत ते स्वतः उपस्थित न झाल्यास त्यांची जागा इतरांसाठी मोकळी करण्यात यावी. अपवाद करू नये, कारण एक अपवाद केला की सर्वांसाठी करावा लागतो.

पराग म्हणाला, "बाबा, किसी को आने में टाइम लग गया तो?"

"तीन वर्षं?" श्यामकांतांनी लिहिलं. "तीन वर्षांत माणूस कुठूनही परत येतो."

पराग हसला, म्हणजे हसल्याचं चित्र पाठवलं, आणि सूचना टाकली. कंपनीनं तिच्यासमोर लिहिलं, विचाराधीन. श्यामकांतांना तो शब्द चांगलाच ओळखीचा होता. विचाराधीन कागदाला कोणी हात लावत नाही.

त्यानंतरच्या जानेवारीत, एका मंगळवारी, दोघं सरायबाहेर उभे होते. पश्चिमेच्या गडावर जायचं होतं. आठ वाजायला वीस मिनिटं होती. परागनं लिहिलं, "आलोच," आणि त्याचा माणूस शेकोटीपाशी जाऊन बसला. पार्सलवाला आला असेल. श्यामकांत काठी टेकून उभे राहिले. आठ वाजले, सव्वाआठ वाजले. त्यांनी चिडून लिहिलं, "आलोच म्हणजे किती?" आणि टॅब बंद केला.

पराग जिना उतरला होता, पार्सल घेतलं होतं, आणि वर येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसला होता. तो तिथंच गेला. हृदय. बत्तीस वर्षांचा होता. डॉक्टरांनी काय सांगितलं ते श्यामकांतांनी सगळं लिहून घेतलं, पण त्यातलं त्यांना काहीच समजलं नाही.

तेराव्यानंतर लोक रडतात, पडून राहतात, देवाला शिव्या देतात. या गृहस्थांनी काय केलं? नस्ती काढली. मृत्यू प्रमाणपत्राच्या पंचवीस प्रती काढल्या आणि परागच्या नावावर जगात जे जे उघडं होतं ते बंद करायला घेतलं. बँक, विमा, मतदार यादी, फोनचा नंबर. मेलच्या कंपनीला तर तीन अर्ज केले, तेव्हा कुठे त्याचं मेलचं खातं कायमचं बंद झालं.

"थांबा ना जराशेक," प्रेमलाबाई म्हणाल्या. "काय घाई आहे?"

"गेलेल्या माणसाच्या नावावर काही उघडं राहू नये."

"काहून राहू नये?"

याचं उत्तर नियमात असतं तर त्यांनी दिलं असतं. चाळीस दिवसांत सगळं झालं, तेव्हा त्यांनी नस्तीवर लाल पेन्सिलीनं लिहिलं, नस्तीबद्ध. मग ती कपाटात ठेवली आणि दुपारभर कपाटासमोर बसून राहिले.

खेळाचं मात्र त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याला कागद नव्हता ना. दीड महिन्यानं एका सकाळी काहीच करायला उरलं नाही म्हणून त्यांनी टॅब उघडला. सराय. शेकोटी. आणि शेकोटीपाशी, भिंतीकडच्या बाजूला, निळ्या अंगरख्यातला पराग मान खाली घालून बसलेला. श्वास घेताना खांदे वरखाली होत होते. डोक्यावर ओळ होती: आलोच.

त्या दिवसापासून रोज सकाळी दहाला, आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून श्यामकांत टॅबसमोर बसायचे. गडावर नाही, जंगलात नाही. आपला म्हातारा त्याच्या शेजारी नेऊन बसवायचा आणि अकरापर्यंत बसायचं. कधी थोडं लिहायचे. आईचा गुडघा दुखतो. समोरच्यांनी भिंत वाढवली. अकराला लिहायचे, "येतो," आणि उठायचे. घरात या कार्यक्रमाचं नाव ऑफिस होतं. प्रेमलाबाईंनी एकदाही त्या पडद्याकडे पाहिलं नाही. "बाहुल्यापाशी बसून काय भेटून राहिलं तुम्हाले," एवढंच एकदा म्हणाल्या, आणि दहा वाजले की चहा मात्र तिथंच आणून द्यायच्या. तीन वर्षं हे असं चाललं.

आणि या फेब्रुवारीत नोटीस आली.

टॅब उघडताच, शेकोटी दिसायच्याही आधी. आपले सहप्रवासी पराग_रायपूरवाला हे तीन वर्षे उपस्थित नाहीत. पंधरा दिवसांत ते स्वतः उपस्थित न झाल्यास त्यांची जागा इतरांसाठी मोकळी करण्यात येईल. हिंदीत होती, पण श्यामकांतांना पहिल्या ओळीलाच ओळख पटली. आपला मसुदा कितीही भाषांतून फिरून आला तरी माणूस ओळखतो. त्यांनी उठून कपाटातली सूचनांची नस्ती काढली आणि एकतिसावा कागद समोर धरला. एकही मुद्दा सुटला नव्हता. अपवादाचासुद्धा.

प्रेमलाबाई चहा घेऊन आल्या तेव्हा हा माणूस कागद हातात घेऊन बसला होता. श्यामकांतांनी सांगितलं. काय होणार ते सांगितलं, नियम कोणाचा ते नाही सांगितलं.

प्रेमलाबाई उभ्याच राहिल्या. "म्हंजे आता अजून एकदा जाणार का तो?"

"हो."

"कोणी काढला हा नियम?"

"कंपनीचा आहे."

"कंपनीत कोणी माणूस असन ना. त्याच्या घरी असं झालं पाह्यजे. मंग समजन त्याले."

श्यामकांतांनी चहा घेतला. गरम होता, जीभ भाजली, तरी ते पीत राहिले.

पंधरा दिवस. करायचं एवढंच होतं की परागच्या नावानं एकदा आत जायचं. एकदा तो माणूस उठून उभा राहिला की पुढची तीन वर्षं मोकळी. पासवर्ड ठाऊक नव्हता. नवा मागितला तर खेळ म्हणायचा, आपल्या मेलवर पाठवला आहे. आणि ते मेल? ते तर यांनीच तीन अर्ज करून, पाठपुरावा करून, स्मरणपत्रं धाडून बंद करवलं होतं. त्यांनी मेलच्या कंपनीला चौथा अर्ज केला. उत्तर दोन दिवसांत आलं, खातेदाराच्या मृत्यूमुळे कायमचं बंद केलेलं खातं पुन्हा उघडत नाही, आणि सोबत त्यांच्याच अर्जाची प्रत. परागचा जुना नंबर परत मिळेल का ते विचारायला सदर बाजारात फोनच्या दुकानात गेले. दुकानातल्या माणसानं आदरानं बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "अंकल, आपने तो इतना पक्का बंद करवाया है कि अब कोई नहीं खोल सकता." श्यामकांत त्याचे आभार मानून रस्त्यावर आले आणि स्कूटरच्या गर्दीत भलत्याच बाजूला चालू लागले. जयस्तंभ चौक आला तेव्हा त्यांना कळलं.

मग त्यांनी हरकत दाखल केली. चार पानांची. सोबत मृत्यू प्रमाणपत्र; पंचविसातली एक प्रत उरली होती.

दहाव्या दिवशी फोन आला. मुलीचा आवाज. आधी हिंदीत बोलली, मग आडनाव पाहून मराठीत आली. अनुश्री नाव, कंपनीत सूचनांचं काम बघायची.

"काका, मी तुमचं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मी आमच्या सरांकडे घेऊन गेले होते."

"बरं."

"काका, यादीत अकरा हजार लोक आहेत. त्यातले किती जण... म्हणजे तुमच्यासारखी पत्रं अजून चाळीस आली आहेत. सर म्हणाले की एकासाठी केलं तर..."

"सगळ्यांसाठी करावं लागतं," श्यामकांत म्हणाले.

पलीकडे ती थांबली. आणि तेवढ्या वेळात श्यामकांतांना कलावती आठवली.

कलावती त्यांच्याकडे आली होती त्याला बावीस वर्षं झाली असतील. उरल्याच्या कारखान्यांकडून चालत आली होती, पायांवर तिथली काळी धूळ. नवरा त्यांच्याच खात्यात चौकीदार होता, मरून बरीच वर्षं झाली होती. पेन्शनचं काम नव्हतं, ते कधीच मिटलं होतं. म्हणाली, "ओमा ओखर एक ठन फोटू रहिस, बाबू." नवऱ्याच्या जुन्या नस्तीत त्याचा एक फोटो होता, नोकरीला लागतानाचा. घरी त्याचा एकही फोटो नव्हता. नातीचं लग्न होतं, आणि भिंतीवर लावायला आजोबा नव्हता. श्यामकांतांनी वही पाहिली. नस्ती तीन आठवड्यांपूर्वीच खड्ड्यात गेली होती. ते तिला म्हणाले होते, बाई, यादी पंधरा दिवस फळ्यावर होती, हरकत घ्यायची होती. तिला वाचता येत नव्हतं. ती "हव बाबू" म्हणाली, जरा वेळ दाराशी उभी राहिली, की बाबूला अजून काही आठवेल, आणि मग गेली. श्यामकांतांनी त्या दिवशी डबा खाल्ला. वांग्याची भाजी होती, तीही आठवते. काही चुकलं असं त्यांना वाटलं नव्हतं, कारण चुकलं नव्हतंच.

"काका, आहात ना?" अनुश्रीनं विचारलं.

"आहे. तुमचं बरोबर आहे. नियम मीच लिहिला आहे."

"म्हणजे?"

"सूचना क्रमांक एकतीस. सही मुलाची आहे, ड्राफ्ट माझा."

तिचा आवाज बदलला. "काका, गुरुवारी सकाळी अकराला होईल. आणि एक विचारायचं होतं. ज्यांची सूचना, त्यांचं नाव आम्ही खाली देतो, आभार म्हणून. आमच्याकडे पराग यांचं आहे. तुमचं टाकू का? की काढूनच टाकू?"

इथं हा माणूस सुटू शकत होता. काढून टाका म्हटलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं, घरात तर नाहीच.

"रेकॉर्ड बदलू नये," ते म्हणाले. "ज्याची सही त्याचं नाव राहू द्या." आणि फोन ठेवून रडले. तीन वर्षांत पहिल्यांदा, खुर्चीत बसून, तोंडावर हात न घेता.

गुरुवारी दहाला ते धुतलेला सदरा घालून बसले. प्रेमलाबाई चहा घेऊन आल्या नाहीत. वाटीत दही घेऊन आल्या, वर साखर घातलेली. पराग पुण्याला निघाला की दारात त्याच्या तळहातावर त्या असंच दही ठेवायच्या, आणि तो घाईनं चाटून हात पँटला पुसायचा, त्यावरून दर वेळी बोलणी खायचा. त्या स्टुलावर बसल्या, चष्मा लावला, आणि पहिल्यांदा पडद्याकडे पाहिलं.

"हा?"

"हो."

"केस काहून एवढे वाढवले यानं?"

"तिथं तसेच असतात."

"बारीक वाटून राहिला." त्या अजून वाकल्या. "डोक्यावर काय लिहिलं आहे?"

"आलोच."

प्रेमलाबाईंनी ते स्वतः वाचलं, ओठ हलवत. मग म्हणाल्या, "तीन वर्षं इथं बसून होता, अन् मी आतमध्ये भाजी चिरून राहिली होती."

दोघं बघत बसले. खांदे वरखाली होत होते. अकराला पाच मिनिटं असताना प्रेमलाबाईंनी दह्यात बोट बुडवलं आणि पडद्यापाशी नेलं, आणि मग काय करावं ते न समजून तसंच धरून ठेवलं. अकराला पडदा काळा झाला. काम सुरू आहे, असं लिहून आलं. दह्याचा थेंब टॅबच्या काचेवर पडला होता. तो त्यांनी पदरानं पुसला.

एक वाजता खेळ उघडला. सराय मोकळी झाली होती. शेकोटी लांबूनही दिसत होती. टॅब एकदाही अडकला नाही, इतका सुरळीत तो कधीच चालला नव्हता. भिंतीकडची जागा रिकामी होती, नुसती फरशी. आणि वर, नव्या सुधारणांच्या यादीत पहिलीच ओळ होती: सराय अब खुली और तेज़. यह सुझाव देने वाले पराग_रायपूरवाला को धन्यवाद. खाली पोरं लिहीत होती. कालभैरवनं लिहिलं होतं, पराग भाई, कमाल. कभी सराय में मिलो.

"त्याचं नाव दिसून राहिलं," प्रेमलाबाई म्हणाल्या. "काय लिहिलं आहे?"

"आभार मानले आहेत."

"कशाचे?"

श्यामकांतांनी कपाट उघडलं, एकतिसावा कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला. त्या शिकलेल्या बाई, मसुदा वाचायला त्यांना वेळ लागला नाही. शेवटच्या मुद्द्यापर्यंत आल्या, अक्षराकडे पाहिलं, छत्तीस वर्षं वाणसामानाच्या याद्यांवर पाहिलेलं तेच अक्षर, आणि कागद मांडीवर ठेवला.

"त्या दिवशी मी काय बोलली होती?"

"काही नाही बोलली."

"बोलली मी. त्याच्या घरी झालं पाह्यजे म्हटलं."

"मग," श्यामकांत म्हणाले, "झालंच होतं ना."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. प्रेमलाबाई उठून जातील, निदान आज जेवणाच्या वेळी बोलणार नाहीत, असं श्यामकांतांना वाटलं, आणि ते न्याय्यच होतं. पण त्या बसून राहिल्या. वाटीतलं दही त्यांनी चमच्यानं हलवलं आणि अचानक म्हणाल्या, "हात करा."

श्यामकांतांनी तळहात पुढे केला. त्यांनी त्यावर दही ठेवलं.

"मी कुठं चाललो?"

"उद्या दहाले जाजा तिथं. त्याची जागा रिकामी नका ठेवू. दुसरं कोणी येऊन बसन."

दुसऱ्या दिवशी दहाला श्यामकांत पोहनकर आपल्या नेहमीच्या जागी बसले नाहीत. म्हाताऱ्याला दोन पावलं पुढं नेऊन त्यांनी भिंतीकडच्या फरशीवर बसवलं, काठी बाजूला ठेवली. प्रेमलाबाई शेजारी स्टुलावर तिवऱ्याची भाजी निवडत होत्या. मोकळ्या सरायमधून पोरं येत होती, जात होती, कोणी बडे बाबूला रामराम घालत होतं. बऱ्याच वेळानं प्रेमलाबाईंनी भाजीवरची नजर न काढता विचारलं, "कोणी आलं का?"

"नाही," श्यामकांत म्हणाले.